याइबाला कुंकू

एर्लांगेनच्या मराठी मंडळात कुणी नवीन भेटलं आणि "काकू, तुम्ही काय करता?" असं विचारलं, की मी सांगते, "धार लावते." समोरचा आधी हसतो, मग आमच्या ह्यांच्याकडे बघतो. हे मान खाली घालून मसालेभात खात असतात. ह्यांचा जन्म क्ष-किरणांच्या यंत्रांवर गेला, त्यामुळे ह्यांना कुणी हसत नाही. पण चार दिवसांनी तोच हसलेला माणूस सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून माझ्या दुकानाच्या दारात उभा असतो. "काकू, घरातल्या सगळ्या सुऱ्या टोमॅटोवरून नुसत्या घसरतात हो!" मी पिशवी हातात घेते. गरज त्याची, धार माझी.

मी मूळची धातुशास्त्राची. चिंचवडला एका कारखान्यात भट्टीवर पाच वर्षं काढली आणि लग्नानंतर इथे पाती बनवणाऱ्या कारखान्याच्या हार्टेरायमध्ये, म्हणजे पोलाद कडक करायच्या विभागात, सव्वीस. निवृत्तीनंतर मी घरी बसून लोणची घालीन असं ह्यांना वाटलं होतं. मी गल्लीतली बंद पडलेली बेकरी भाड्याने घेतली, पाण्यात फिरणारं एक चाक आणि सात दगड मांडले आणि श्लायफेराय, म्हणजे धार लावायचं दुकान, उघडलं. धंद्याची नोंदणी करायला गेले तेव्हा गेवेर्बेआम्टमधल्या बाईने दोनदा विचारलं, "आल्झो, धार लावणार कोण? तुमचे यजमान?" मी म्हटलं, "त्यांच्या हाती मी बटर लावायची सुरीसुद्धा देत नाही." ती हसली नाही, पण फॉर्मवर माझं नाव घातलं.

ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पोलाद लालबुंद तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण इतकं कडक की हातातून पडलं तर काचेसारखं फुटेल. म्हणून त्याला पुन्हा मंद आचेवर शेकायचं. थोडा ताठा जातो, थोडा राहतो, आणि जो राहतो त्यालाच धार टिकते. माणसांचंही असंच असतं असं माझ्या सासूबाई म्हणायच्या, पण त्यांचा रोख नेहमी माझ्याकडे असायचा. धार लावणं म्हणजे दोन बाजू झिजवत एका रेषेत आणणं, दुसरं काही नाही. त्यात एकच मोठं पाप आहे. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातं दाबलं की धारेची कड तापते आणि निळी पडते. निळी पडली की भट्टीत कमावलेला कडकपणा गेला. ती सुरी त्या दिवशी कापते, आठवड्याने पुन्हा बोथट. रस्त्यावरचे पुष्कळ धारवाले हेच करतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं, काय छान ठिणग्या उडाल्या!

कारखान्यातली एक फजिती आधी सांगते, कारण पुढच्या गोष्टीची मुळं तिच्यात आहेत. चिंचवडला खंडेनवमीला भट्टी बंद असायची. हत्यारं, सांडश्या, कडकपणा मोजायचं यंत्र, सगळं पुसून त्यावर हळदकुंकू आणि झेंडू. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, दसरा झाला की मग हात लावायचा. इथे आल्यावर भट्टी बंद ठेवा असं कुणाला सांगणार? पण पहिल्याच वर्षी मी कुणाचं लक्ष नसताना तयार पात्यांच्या एका पेटीच्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं. दुपारी बघते तर पेटी गायब. आमच्या कारखान्यात लाल ठिपका म्हणजे नापास माल! तपासणीवाल्या क्लाउसने इमानेइतबारे ती पेटी उचलून कुलूपबंद खोलीत टाकली होती, आणि तीन माणसं त्या पात्यांत दोष शोधत बसली होती. त्यांना दोष सापडेना, आणि मला तोंड उघडायचा धीर होईना. शेवटी मी सांगितलं. क्लाउसने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं, पण मग हिरवा ठिपका का नाही लावत?" पुढची पंचवीस वर्षं मी कुंकू फक्त माझ्या स्वतःच्या टेबलावरच्या हत्यारांना लावलं. ती सगळी न गंजणाऱ्या पोलादाची होती. हे वाक्य लक्षात ठेवा.

दुकान काढल्यावर तिसऱ्या वर्षी मोरिता आला. न्युर्नबर्गमध्ये त्याचं दहा टेबलांचं जपानी रेस्टॉरंट आहे. रेगिओनाल ट्रेनने आला होता, हातात लाकडी म्यानातली लांब सुरी. वय त्रेसष्ट, पाठ ताठ. सुरी त्याने काउंटरवर ठेवली नाही. छातीशी धरूनच जर्मनमध्ये विचारलं, "चाकावर पातं निळं पडलं तर तुम्ही काय करता?"

"दुकान बंद करून घरी जाते," मी म्हटलं. "निळं पडल्यावर आणखी काय करायचं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला आणि सुरी खाली ठेवली.

ती कच्ची मासळी कापायची सुरी होती. एकाच बाजूने उतार, दुसरी बाजू किंचित खोलगट. मऊ लोखंडाच्या अंगाला कडक पोलादाचा पातळ थर भट्टीत जोडलेला, आणि धार त्या पोलादाची. आपल्याकडची सुरी दोन्ही बाजूंनी घासतात. हिला तसं घासलं तर ती संपलीच. ज्या गुरूकडे तो स्वयंपाक शिकला त्यांनी जपान सोडताना त्याला ती दिली होती. इतकी वर्षं तो स्वतःच दगडावर धार लावायचा, पण आता अंगठ्याचा सांधा दुखू लागला होता. गिऱ्हाईक म्हणून नव्हे, परीक्षक म्हणून तो आला होता, आणि मला परीक्षा आवडतात.

सुरी परत न्यायला आला तेव्हा त्याने धार उजेडाकडे धरून पाहिली, मग कागदाची एक पट्टी तिच्यावरून नुसती सोडली. पट्टीचे दोन तुकडे झाले. तेव्हा तो पहिल्यांदा बसला. मी चहा केला, आलं घालून. ह्या धारेला तुमच्या भाषेत काय म्हणतात, असं विचारलं तर त्याने सुरी गुंडाळायच्या कागदावर त्यांच्या लिपीतलं तलवारीचं दोन रेघांचं अक्षर काढलं आणि त्याच्या कडेवर एक ठिपका दिला. म्हणाला, "जिथे ठिपका, तिथे धार. ह्याला याइबा म्हणतात. याकी म्हणजे भाजलेली, हा म्हणजे धार. याकिबा म्हणता म्हणता जीभ याइबा म्हणायला लागली."

"भाजलेली धार," मी म्हटलं. "आमच्याकडे उलट. आम्ही पात्याला पाणी देतो म्हणतो. तेजस्वी माणूस असला, उमदा घोडा असला, तर त्याला पाणीदार म्हणतो."

"तुम्ही विस्तव विसरलात."

"आणि तुम्ही पाणी."

तो इतका मोठ्याने हसला की बाहेरून जाणारी पोस्टमन बाई आत डोकावली. एकाच भट्टीपुढे दोघांची पूर्वजमंडळी उभी होती, त्याच्या मंडळींनी नाव घेतलं आगीचं, आमच्यांनी बादलीचं.

पुढे दर तीन महिन्यांनी तो येई आणि चहाबरोबर मला त्या शब्दाचा एकेक पदर उलगडून सांगे. याइबा म्हणजे नुसतं पातं नाही, तर तलवार, हत्यार, जिवावर येणारी कोणतीही वस्तू. थंड झळाळी असली की बर्फाचं याइबा. माणसाला कापत जाणारं बोलणं म्हणजे शब्दांचं याइबा. मला सगळ्यात आवडला तो त्सुकेयाकिबा. बोथट लोखंडाला कडक धारेची पट्टी वरून चिकटवून द्यायची. दुकानात झकास दिसते, घरी नेऊन पहिलंच हाड लागलं की निघून येते. परीक्षेच्या आदल्या दिवशी घोकलेल्या विद्येला, घाईने पांघरलेल्या मोठेपणाला जपानी माणूस हेच म्हणतो. मी त्याला आपलं 'पी हळद नि हो गोरी' सांगितलं. वोल्फ्सबुर्गहून एक मराठी इंजिनियर आला होता, तीन व्हिडिओ बघून बायकोच्या सगळ्या सुऱ्या बिघडवून. त्याची गोष्ट ऐकून मोरिता शांतपणे म्हणाला, "त्सुकेयाकिबा. पण बायको खरी असेल, तर त्याला आता याइबा कळेल."

एकदा त्याने सुरी म्यानातून काढून पात्याची रुंदी मला दाखवली. धार लावून लावून सुरी अरुंद होत जाते, ते तिचं वय. "अजून दहा वर्षं," तो म्हणाला, "आणि माझ्याही कामाची तेवढीच ठरवली आहेत. आम्ही दोघं एका दिवशी थांबणार." ह्यात कुठलाही कढ नव्हता. गाडीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या मृण्मयीच्या सासूबाई साताऱ्याहून आल्या, सामानात विळी घेऊन. फ्रांकफुर्ट विमानतळावर कस्टमच्या माणसाने ती उलटीसुलटी करून पाहिली, तेव्हा ह्या बाईंनी तिथेच जमिनीवर बसकण मारून, पाट पायाखाली दाबून, हवेत भेंडी चिरून दाखवली. त्याने सोडून दिलं. मी विळीला धार लावून दिली. त्यांनी बोट आडवं फिरवून पारखली, "बरी आहे" म्हणाल्या, आणि निघताना मला बजावलं, "पोरी, तेलाचं बोट फिरवून ठेवत जा हो. सणासुदीला कुंकू लावशील तेव्हा तर आधी तेल, मग कुंकू. नाहीतर गंज धरतो." मी 'हो आजी' म्हटलं आणि मनातल्या मनात हसले. पोलाद का गंजतं हे मला शिकवणार! पदवी होती ना माझ्याकडे.

त्या वर्षी नवमी शनिवारी आली आणि दसरा रविवारी. मी दुकानात सगळी हत्यारं मांडली. मोरिताची सुरी शुक्रवारीच तयार झाली होती, तो मंगळवारी न्यायला येणार होता. आता ती गिऱ्हाइकाची वस्तू, तिला हात लावायचं काही कारण नव्हतं. पण इतक्या मानाचं पातं दुकानात असताना ते म्यानात ठेवून माझ्या कात्र्यांना फुलं वाहायची? मला ते शोभेना. म्हणून तिला मधोमध ठेवलं, खोलगट बाजू वर. ओलं गंध, हळद, वर कुंकू. ठिपका नेमका धारेच्या कडेला. त्यावर बागेतला झेंडू, नुकताच पाणी मारलेला. नमस्कार केला, कुलूप लावलं आणि श्रीखंड करायला घरी गेले. रविवारी तर इथे सगळंच बंद, आणि हत्याराला हात लावायचा नसतोच.

सोमवारी सकाळी झेंडू उचलला. खाली तपकिरी डाग. पुसला तर पुसला जाईना. भिंग लावलं. धारेपासून दोन-अडीच मिलिमीटरवर सुईने टोचल्यासारखे खड्डे, पाच-सहा. पंचवीस वर्षं न गंजणाऱ्या पोलादाला कुंकू लावून लावून, साधं पोलाद पाण्याने आणि कुंकवाने दोन दिवसांत खाल्लं जातं हे मी, धातुशास्त्राची बाई, विसरले होते. साताऱ्याच्या आजी विसरल्या नव्हत्या.

दुरुस्ती मला येत होती, हेच त्यात वाईट. खड्ड्यांच्या पलीकडे धार मागे न्यायची, तीन मिलिमीटर, आणि सगळं इतकं चकचकीत करायचं की डागाचं नावनिशाण राहणार नाही. तीन मिलिमीटर म्हणजे त्याच्या वापराने तीन वर्षं. दहातली तीन मी एका झेंडूने खाल्ली होती.

घरी गेले आणि ह्यांना सांगितलं. ह्यांनी चष्मा काढला. "अगं, दे ना मग तसंच करून. तू केल्यावर कुणाला कळणार आहे?"

"अहो, त्याच्या हाताला कळेल."

"आणि नाही कळलं तर?"

"तर मला कळेल. रोज."

हे चष्मा पुसत म्हणाले, "तसंही आपण पुढच्या वर्षी पुण्याला जायचं ठरवतोय. दुकान बंदच होणार." माझ्याच सोयीसाठी म्हणाले, पण मला ते फार लागलं. दुकान बंद होणार म्हणून शेवटचं काम खोटं करायचं? मोरिताचा शब्द तेव्हा नीट कळला. वरून चिकटवलेली धार पात्यालाच असते असं नाही.

मंगळवारी तो आला. मी चहा ठेवला नाही. सुरी जशी होती तशी, डागासकट, काउंटरवर ठेवली आणि सगळं सांगितलं. खंडेनवमी म्हणजे काय, कुंकू म्हणजे काय, तेल कसं विसरले, आणि दुरुस्तीत किती जाईल. नवी सुरी मागवून देते असंही बोलून गेले आणि बोलल्याबरोबर लाजले. त्याने खड्ड्यांवरून अंगठा फिरवला. एक अक्षर बोलला नाही. सुरी म्यानात घातली, वाकून नमस्कार केला आणि गेला. त्याच्या तोंडून एखादा कापणारा शब्द आला असता तर मी सुटले असते. तेवढीही दया त्याने दाखवली नाही.

नंतरचे सहा आठवडे माझे वाईट गेले, हे मी मोकळेपणाने लिहिते. काम चालू होतं, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली पाती येत होती, धार उत्तम लागत होती. पण दाराची घंटा वाजली की मी मान वर करत असे. सईला, आमच्या मुलीला, फोनवर सांगितलं तर ती जर्मनमध्ये म्हणाली, "आई, ती एक सुरी आहे." मी मराठीत म्हटलं, "सुरी नाही गं, त्याच्या कामाची वर्षं आहेत." मुलीला मराठी बोलता येत नसलं तरी समजतं सगळं.

नाताळाआधीच्या पहिल्या ॲडव्हेंट रविवारच्या आदल्या दिवशी तो आला. हातात तेच म्यान. सुरी तशीच होती, त्याने कुणाकडे नेली नव्हती. म्हणाला, "बर्वे-सान, तुम्ही फूल का ठेवलं होतं?"

"तुमची सुरी सगळ्यांत मोठी होती म्हणून," मी म्हटलं. "मानाने."

त्याने दगडांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमच्याकडे झिजून गेलेल्या सुयांसाठी, सुऱ्यांसाठी देवळात प्रार्थना करतात. पण त्या मेल्यावर. जिवंतपणी सुरीला फूल मिळालेलं मी ऐकलं नव्हतं." आणि सुरी माझ्याकडे सरकवली. "किती उरतील?"

"सात."

"म्हणजे मी सत्तराव्या वर्षी थांबणार, त्र्याहत्तराव्या नाही. घरी सांगितलं. बायकोने तुमच्यासाठी हे पाठवलंय." त्याने पिशवीतून मिठाईचा एक लाकडी डबा काढला. "ती वीस वर्षं मला थांब म्हणते आहे. तुम्ही दोन दिवसांत करून दाखवलं."

मला हसू आणि रडू एकदम आलं. मी दोन्ही केलं.

"पण एक अट," तो म्हणाला. "तीन वर्षं तुम्ही घेतलीत. आता उरलेली सात तुम्हीच सांभाळायची. दुसऱ्या कुणाकडे मी देणार नाही. दुकान बंद करायचं नाही."

त्या संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं की पुण्याला जाणं सात वर्षं पुढे गेलं. हे म्हणाले, "म्हणजे शिक्षा मला!" आणि कपाटावरून उतरवलेली मोठी बॅग पुन्हा वर ठेवून आले.

त्याला आता चार वर्षं झाली. सुरी मी माझ्या हाताने तीन मिलिमीटर मागे नेली, आणि आजही तिच्यावर कागदाची पट्टी नुसती सोडली तरी दोन तुकडे होतात. हे मी बढाईने सांगते, कारण ते खरं आहे. तीन वर्षं उरली आहेत, तिची आणि आमच्या दोघांच्या कामाची. मग तो थांबेल आणि मीही थांबेन.

मोरिता आता वर्षातून एकदा, धारेची गरज नसतानाही, सुरी माझ्याकडे ठेवून जातो. अष्टमीच्या संध्याकाळी, न्युर्नबर्गच्या ट्रेनने. तारीख दरवर्षी बदलते म्हणून ऑगस्टमध्येच फोन करून विचारून घेतो. माझ्या हातावर पूर्ण विश्वास आहे म्हणतो. तेल मात्र घरूनच लावून आणतो.